शेवटच्या मशीनची टोपी

फतेगंज, बडोदे
१८ फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप लक्ष्मीकांतमामांना,

इंद्रनीलचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून नमस्कार. पुण्याची थंडी ओसरली का? तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला असेल. इकडे आई बरी आहे. मी बरा नाही, पण ते पुढे येईलच.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, की इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून (सरांच्या टेबलावर जर्नल आपटून, असं तुम्ही लिहिलंत, आपटलं नव्हतं, फेकलं होतं) मी भास्कररावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नेमकं करतो काय. ते तुमचे शाळासोबती, तुमच्या शब्दावर त्यांनी मला ठेवलं, तेव्हा तुम्हाला कळायलाच हवं. शिवाय परवा मंगळवारी त्यांनी सुभाषला कामावरून काढलं, ते माझ्यामुळे, आणि कसं ते नेटवर्क समजल्याशिवाय कळणार नाही.

तर आमच्याकडे बारा मशीनं आहेत. पहिलं भास्कररावांच्या केबिनमध्ये, तिथून एक काळी वायर निघते आणि प्रत्येक मशीनच्या पाठीला शिवत बाराव्यापर्यंत जाते. एका दोरीवर वाळत घातलेले बारा सदरे समजा. सगळ्यांचं बोलणं त्या एकाच वायरीतून. एक बोललं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. दोन एकदम बोलली तर दोघांनी थांबायचं आणि कमीजास्त वेळानं पुन्हा सुरू करायचं (ही शिस्त आपल्या घरात कधी आली नाही). प्रत्येक मशीनला नाव असतं, त्या नावानं धाडलेला निरोप तेच उचलतं. आणि वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक टोपी, अंगठ्याच्या पेराएवढी, तिला टर्मिनेटर म्हणतात. ती काढली की निरोप टोकाला आपटून उलटे फिरतात, मागून येणाऱ्यांत घुसतात, आणि बाराही मशीनं मुकी होतात. टोकावरच्या एकानं केलेलं सगळ्यांना भोगावं लागतं.

बाराव्या मशीनवर सुभाष बसतो. बसायचा. पादऱ्याहून रोज बसनं येणार, वायरी तोच ओढणार, तोच जोडणार. मला टोपी बसवायला त्यानंच शिकवलं. आणि सहाव्या मशीनवर अवंती, अकोट्याची. तिच्याबद्दल आईनं तुम्हाला लिहिलं असेलच (मी आईला काहीही सांगितलेलं नाही, तरी).

मंगळवारी परीक्षा होती, बाराव्या मशीनवरून मुलांवर लक्ष ठेवायचं काम सुभाषचं. परीक्षेत कुणी जागा सोडायची नाही, हा भास्कररावांचा नियम. तीनच्या सुमारास सुभाष घुटमळायला लागला. आईचं औषध पादऱ्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचं राहिलं होतं. मीच म्हणालो, “जा ने यार, मी बसतो तुझ्या जागी.” गेला. बारावं मशीन सगळ्यांच्या पाठीमागे आहे, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही आणि माझ्यासमोर अवंतीची वेणी. परीक्षा संपली की ती क्लासला येणार नव्हती. ‘दहा मिनिटं उरली’ असले निरोप पडद्यांवर टाकायला आमच्याकडे एक छोटी खिडकी असते. तीत मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, अवंती, तुझ्याशिवाय माझं काही खरं नाही. खिडकीत दोन गोल असतात, एकाच मशीनला पाठवायचं की सगळ्यांना. रोज ‘दहा मिनिटं उरली’ पाठवून तो गोल कायमचा ‘सगळ्यांना’वर पडलेला. मी बदललाच नाही.

सगळे पडदे एकदम किणकिणले. “अल्या, आ शुं छे?” कुणीतरी ओरडलं आणि अख्खा क्लास हसायला लागला. निरोप थांबवायला म्हणून मी टेबलाखाली घुसलो आणि टोपी उपटली. निरोप केव्हाच पोचला होता, मामा. बुडाल्या त्या उत्तरपत्रिका. त्या सगळ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला, केबिनमधल्या मशीनवर उघड्या होत्या.

टोपी मुठीत घेऊन मी भिंतीशी उभा राहिलो. तेवढ्यात सुभाष धापा टाकत दारात आला, आणि केबिनमधून भास्करराव. निरोपावर मशीनचं नाव, सुभाष. टोपी गेलेली, सुभाषच्या मशीनची. जागा सोडलेली, सुभाषनं. “कुठे होतास?” भास्कररावांनी विचारलं. सुभाषनं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. मी बोलेन म्हणून थांबला. प्राध्यापकांवर जर्नल फेकणारा मी नुसता उभा होतो.

संध्याकाळी त्याला काढलं. जाताना पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, “नवी टोपी फिरवून बसव. नुसती दाबू नकोस.”

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, सोहमला आशीर्वाद.

तुमचा,
इंद्रनील

ता. क. सोबत कागदात गुंडाळलेली धातूची वस्तू म्हणजे ती टोपी. २८ तारखेला, रविवारी, भास्करराव पुतण्याच्या मुंजीला पुण्यात येताहेत. ही त्यांच्या हातावर ठेवा आणि हे पत्र वाचायला द्या. सुभाषला परत घ्या, मला काढा, एवढंच म्हणणं आहे. (मी चारदा केबिनपर्यंत गेलो. दार ढकलायचं की ओढायचं, ते बघून परत आलो.)

ता. क. काल पुन्हा परीक्षा झाली. मला सुभाषच्या मशीनवर बसवलं होतं. त्याला काढल्याचं मुलांना अजून ठाऊक नाही, निरोप टाकून तो लाजून बाहेर पळाला होता असंच त्यांना वाटतं. साडेतीनला पडद्यावर निरोप आला. सहाव्या मशीनवरून, एकट्या सुभाषला (तिनं गोल बरोबर निवडला होता): ‘सुभाष, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सरांकडे तक्रार केली असती.’ ती एकदाही मागे वळली नाही, लाजत असावी. मी खिडकी बंद केली. हेही भास्कररावांना वाचू द्या, म्हणजे सुभाषपर्यंत पोचेल.

ता. क. २७ तारखेला, शनिवारी, मी एसटीडी बूथवरून फोन करेन आणि सांगेन, मामा, पत्र देऊ नका, इकडे सगळं निस्तरलंय. कदाचित रडेनही. ऐकू नका.