दुसऱ्या काडतुसाबाबत

मी अंबादास गोविंदराव देशमुख, वकील, राहणार वडवणी, जिल्हा बीड, हा लेख स्वहस्ते लिहितो. प्रकृती ठीक आहे, बुद्धी जागेवर आहे, मजवर कोणाचा दाब नाही. मरणाची घाईही नाही. परंतु आज दुपार उलटल्यावर जखमी बिबट्याच्या मागे डोंगरात जाणार आहे, म्हणून ही तजवीज.

कलम १. घर व विहिरीखालची जमीन पत्नी मनकर्णा हिने आमरण उपभोगावी. तिच्या पश्चात ती कन्या सत्यभामा हिची. पुतणे सुंदरराव यांनी, "बाईमाणसाला जमीन कावून पाहिजे?" असे विचारल्यास वाद घालू नये. कागद दाखवावा.

कलम २. न्यायशास्त्राच्या पोथ्या नारायणगडाच्या मठास द्याव्यात. सुंदररावांनी त्या कधी मागितल्या नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

कलम ३. परवान्याची बंदूक तहसिलीत जमा करावी. ती दुसरी फैर आपणच भरते: दारूचा वायू नळीच्या छिद्रातून खालच्या दट्ट्यावर येतो, आणि दट्ट्या रिकामे काडतूस फेकून नवे चढवतो. छिद्रावरची झडप बंद केल्यास हेच काम हाताने करता येते. माझा डावा हात मोडका, म्हणून मला ते जमत नाही.

कलम ४. मी केजला असता, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर सुंदररावांनी ही बंदूक बिबट्यावर झाडली. पहिली गोळी त्याच्या मांडीत बसली, दुसरी निघालीच नाही. जनावर शेजारी कुऱ्हाड घेऊन उभ्या गहिनीनाथ धनगरावर आले, आणि तो गेला. चावडीवर सुंदररावांनी बोट दाखवले ते मयताच्या सख्ख्या भावाकडे, बंकटकडे. कारण बंदूक पुसण्याचे काम त्याचे. "ह्यानंच तेल पाजून बिघडवली बे!" एवढाच पुरावा. तेवढ्यावर गावाने आपली मेंढरे बंकटकडून काढून घेतली.

मी बंदूक तपासली. रिकामे काडतूस आतच होते. दारू दमट म्हणावी, तर पहिली गोळी पूर्ण जोराने गेली. काडतुसे वर ढकलणारी पेटीची कमान मेली म्हणावी, तर रिकामे बाहेर पडून नवे न चढते. येथे रिकामेच हलले नाही. ओढणारा आकडा तुटला म्हणावा, तर हाताने ओढताच ते सहज निघाले. उरला वायू. झडप उघडली. छिद्रात जळून कोळसा झालेले तूप, आणि झडपेच्या आट्यांत कुंकू.

खंडेनवमीची शस्त्रपूजा सुंदररावांनी केली. तुपात कालवलेले कुंकू त्यांनी झडपेवर दाबून लावले. बंदुकीचे कपाळ तेच, अशी त्यांची समजूत. पुजलेले शस्त्र सीमोल्लंघनापर्यंत कोणी हलवीत नाही. बंकटने बंदूक अष्टमीलाच पुसून ठेवली होती. त्यानंतर तिला हात लावणे त्याला वर्ज्य होते. सबब आरोप निराधार.

छिद्र तांब्याच्या तारेने मी स्वतः मोकळे केले. विहिरीवर चाचणी घेतली. बंदूक नीट चालली. एकदा मात्र अडखळली. त्या एकदाचे कारण अद्याप सापडलेले नाही, आणि बिबट्या थांबणार नाही.

कलम ५. बंकट बरोबर येतो म्हणतो. मी विचारले, "मी मेलो तर तुझ्यावर काय येईल, ठाऊक आहे ना?"

"दोन खून नावावर येतील, मालक. पन न्हाई आलो, तर भावजयीला त्वांड कसं दावू? तुमी तेवढा कागद करून ठिवा."

तो हा कागद. मी मेल्यास बंदुकीस कोणी हात लावू नये. चावडीवर हे कलम वाचावे आणि सर्वांदेखत ती सुंदररावांनीच उघडावी. दुसरे काडतूस चढलेले असल्यास बंदूक निर्दोष, नेम माझा चुकला. रिकामे अडकलेले असल्यास सफाई माझी होती, दोष माझा. तिसरा पक्ष संभवत नाही, आणि दोन्ही पक्षी बंकट मुक्त आहे.

कलम ६. तांब्याची तार व सफाईची हत्यारे बंकटला. तुपाकुंकवाची पितळी वाटी, न घासता, सुंदररावांना.

मी जिवंत परतल्यास बाकीची कलमे रद्द समजावीत. चौथे व पाचवे नाही. ती येत्या बाजाराच्या दिवशी चावडीवर मी स्वतः वाचीन, आणि सुंदररावांनी समोर बसावे.

बंकट लाभार्थी असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही. तो दारात बंदूक घेऊन उभा आहे.

साक्षीदार: राधाकिशन शंकरदास, सही
मोहनराव यशवंतराव, सही

सही: अंबादास गोविंदराव देशमुख
मुक्काम वडवणी, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८३६, फसली १३२४