शंका असल्यास नाही म्हणा

संत तुकाराम नगर, पिंपरी
मंगळवार

तीर्थस्वरूप बबनमामांना स्वप्नालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. त्यात तुम्ही एकच प्रश्न विचारलाय: कंपनीने कायम केलं का? मामा, याचं उत्तर आज मला देता येत नाही. हो म्हणावं तर पत्र हातात नाही. नाही म्हणावं तर पत्र टाइप होऊन रविराज सरांच्या (म्हणजे आमच्या साहेबांच्या) टेबलावर पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवलेलं आहे, माझं नाव बाहेरून वाचता येतं. पाणी प्यायला जाताना ते दिसतं. या आठवड्यात मी फार पाणी प्यायले.

तुमचा गुडघा कसा आहे? गिरणीचा पट्टा बदललात का? मामींची खोकल्याची बाटली संपली असेल तर दुसरी आणा, रिकामी हलवून पाहत बसू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच "बरं बरं" म्हणता (मला ताप आलाय हे सांगितलं तेव्हाही तुम्ही "बरं झालं" म्हणालात), म्हणून कागदावर लिहिते. माझी प्रकृती ठीक आहे. सुमनताई, ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहते, त्या म्हणतात की मी झोपेत "नाही, नाही" म्हणते. त्यांना वाटतं एखादं स्थळ आलंय. स्थळ नाही. पण "नाही" म्हणण्यावरूनच सगळं झालंय आणि त्याची सुरुवात तुमच्यापासून आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी मी काय करते ते सांगते. चाकणच्या कारखान्यांत लोखंडी पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारे मोठे प्रेस असतात. प्रत्येक प्रेसला आमच्या कंपनीची एक छोटी डबी बसते. प्रेस एकदा खाली आला की डबी एक मोजते आणि तो आकडा कारखान्याच्या ऑफिसातल्या पडद्यावर पाठवते. आकडा पाठवायचा तर डबीला पत्ता लागतो. तुमच्या गिरणीत पूर्वी डब्यावर नुसतं "पाटील" लिहिलं की भागायचं. मग पाटलांचे सहा डबे झाले आणि तुम्ही "पाटील, वेशीजवळचे, थोरले, चष्मेवाले" असं लिहायला लागलात. जगातही तसंच झालं. यंत्रं इतकी वाढली की जुने आखूड पत्ते पुरेनात, म्हणून नवे लांबलचक पत्ते निघाले. आमच्या डब्यांना ते वापरायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. घरातली पहिली पदवीधर, सहा महिन्यांची उमेदवारी, आणि चाळीस डब्या.

डबीच्या आत जी प्रणाली चालते तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो तयार करताना एक मोठी यादी समोर येते. हे हवं का, ते हवं का, असे शेकड्याने प्रश्न. प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायचं. (तिसरं एक उत्तर आहे, "लागलं तर नंतर जोडू". लग्न जमवणाऱ्यांना ते आवडेल.) प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळींची समजूत असते आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी लिहिलेलं असतं: शंका असल्यास नाही म्हणा.

मामा, हे वाचून मला एकदम तुम्ही दिसलात. मी बारावीत असताना ते बार्शीचं स्थळ आलं होतं. पाहुणे पोहे खात होते, आईने होकाराची मान हलवायला घेतली होती, आणि तुम्ही गिरणी बंद करून भुवयांपर्यंत पिठाने माखलेले दारात उभे राहिलात. म्हणालात, "पोरीला विचारा. तिला शंका असली तर नाही." मला शंका होती. म्हणून मी शिकले. तेव्हा ज्या कुणी परक्या देशातल्या माणसाने ती यादी लिहिली असेल, त्याच्यावर मी घरच्या माणसासारखा विश्वास ठेवला. नव्या पत्त्यांच्या पानावर जिथे जिथे शंका आली तिथे नाही म्हटलं. आणि मला सगळीकडे शंका आली. रविराज सरांना विचारायला हवं होतं, पण उमेदवारीत रोज काय विचारायचं, असं वाटलं.

आमच्या ऑफिसात चाळीसच्या चाळीस डब्या नीट चालल्या. मी घरी पेढे आणले. सुमनताईंनी दोन खाल्ले आणि त्यांचा टीव्ही मधूनच अडकतो तो बघायला सांगितलं.

मग डब्या गिऱ्हाईकाच्या कारखान्यात बसल्या, आणि पहिल्याच पाळीला सतरा प्रेसच्या पुढे शून्य आलं. प्रेस धाडधाड चालतोय, पायाखालची फरशी हलतेय, माणूस घामाघूम आहे, आणि वर ऑफिसातल्या पडद्यावर लाल शून्य. डब्या बंद करून चालू केल्या. ते सतरा बरे झाले आणि दुसरे चौदा शून्यावर गेले. पुन्हा केल्या, तर आणखी वेगळेच. तिथल्या मोठ्या साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग वर छताखालून गेलेल्या वायरींकडे पाहिलं आणि म्हणाले, "लूज कनेक्शन. वायरिंग कुणी केलं?"

वायरिंग किसनभाऊंनी केलं होतं. ते तुमच्या वयाचे आहेत, बीडकडचे, ठेकेदाराकडून आलेले इलेक्ट्रिशियन. त्यांची नोकरी महिन्या-महिन्याने पुढे सरकते. त्यांनी तीन दिवस शिडीवर चढून चाळीस वायरींची टोकं कापून नव्याने बसवली. मी खाली शिडी धरून उभी होते आणि त्यांना "जरा घट्ट बसवा" असं सांगत होते. हे लिहिताना आजही मान खाली जाते. तिसऱ्या दिवशी ते वरूनच म्हणाले, "ताई, वायर सैल असती तर एकच प्रेस मेला असता. हितं रोज नवा मरतोय. माझी वायर काय फिरायला जाती का?"

मी शिडी सोडली नाही, पण वायरींकडे बघायचं सोडून डब्या आकडे कुठे पाठवतात ते शोधायला लागले.

त्या कारखान्याला निरोप बाहेर न्यायची दोन दारं आहेत, राउटर म्हणतात त्यांना. एक नवं, जे ऑफिसच्या पडद्याकडे जातं. दुसरं जुनं, अडीअडचणीला ठेवलेलं, आणि ते सध्या कुठेच जात नाही. दोन्ही दारं सारखी ओरडून सांगतात, मी इथे आहे. पण नवं दार सोबत सांगतं, आधी माझ्याकडे या. जुनं सांगतं, कुणीच नसेल तर या. हे "आधी" आणि "नंतर" ऐकू यायला डबीच्या कर्नलमध्ये एक पर्याय चालू असावा लागतो. त्या पर्यायाखाली लिहिलं होतं, शंका असल्यास नाही म्हणा. आमच्या ऑफिसात दार एकच, म्हणून तिथे काही कळलं नाही. इथे प्रत्येक डबी कुठल्याही दारात शिरत होती. सतरा डब्या इमानदारीने आकडे मोजून भिंतीला सांगत होत्या.

मी ऑफिसात परतले, दोन राउटर शेजारी ठेवले आणि तो पर्याय चालू करून नवा कर्नल बनवला. एक डबी नेऊन किसनभाऊंच्या समोर बसवली. दहा वेळा बंद-चालू केली. दहाही वेळा हिरवा आकडा. किसनभाऊंनी पक्कड खिशात ठेवली.

मी पळत जाऊन रविराज सरांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, मामा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "शाब्बास. शुक्रवारी सगळ्या डब्यांना नवीन अपडेट देऊ. रिपोर्टमध्ये साइटचं केबलिंग लिहू." मी म्हटलं, केबलिंग नव्हतं. ते म्हणाले, "बेटा, ही पहिली ऑर्डर आहे. आपला दोष म्हटलं तर पुढची मिळणार नाही. मग मी तुला कशाच्या जोरावर कायम करू? त्या वायरमनचं काय, ठेकेदार त्याला दुसरीकडे लावेल." किसनभाऊंना मी हे सांगितलं नाही, पण "दुसरीकडे लावतो" असं ठेकेदार त्यांना आधीच म्हणाला होता. म्हणाले, "दुसरीकडं म्हंजी घरी."

आता माझ्यासमोर कारखान्याने पाठवलेला दोषाचा फॉर्म आहे. डबीचं काम माझं, म्हणून तो माझ्या नावाने, माझ्या सहीने जायचा आहे, उद्या सकाळपर्यंत. त्यात एकच रकाना महत्त्वाचा: दोष आपल्या उत्पादनात होता का? हो किंवा नाही. (तिसरं उत्तर इथे ठेवलेलं नाही.) एका बाजूला ते पारदर्शक फोल्डर. दुसऱ्या बाजूला शिडीवरचा माणूस, ज्याला मी घट्ट बसवायला सांगत होते. मामा, तुम्ही असता तर काय केलं असतं? उलट टपाली कळवा. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

मामींना नमस्कार. धाकट्यांना वाचायला बसवा. गिरणीत मास्क लावून बसत जा, खिशात ठेवून उपयोग नाही.

तुमची भाची,
स्वप्नाली

ता. क. : खरं काम राहिलंच. तुम्ही चौकात लावायला जो फ्लेक्स करायला टाकलाय, "कायम झाल्याबद्दल अभिनंदन" आणि खाली माझा आधार कार्डावरचा फोटो, तो छापू नका. छापला असेल तर उलटा करून गिरणीच्या पत्र्यावर अंथरा, तिथे गळतं. आणि आईला तुम्हीच समजावून सांगा. माझ्याकडून ऐकलं तर ती रडेल. तुम्ही सांगितलं तर आधी तुमच्याशी भांडेल, तेवढ्यात रडू मागे पडेल.

ता. क. २ (बुधवार, दुपार) : तुमचं उत्तर यायला आठ दिवस लागतील हे मला पत्र सुरू करतानाच माहीत होतं, तेव्हा रागावू नका. फॉर्म आज सकाळीच गेला. त्या यादीत सगळीकडे मला शंका होती. या एका रकान्यात नव्हती. मी हो लिहिलं, वायरिंगचा काही संबंध नाही असं खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, सही केली आणि पाठवून दिला. मग पाणी प्यायला गेले. फोल्डर टेबलावर नव्हतं.