‘नेत्रपल्लवी’च्या नोंदीचं काम

३ मार्च, सोमवार
शब्दकोशाच्या कचेरीत आज ‘न’ सुरू. मुख्य संपादकबाईंनी ‘नेत्रपल्लवी’ माझ्याकडे दिला. अर्थ, व्युत्पत्ती, वापर. मुदत शुक्रवार. इतका नाजूक शब्द दुसऱ्या कोणाला झेपला नसता. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. बुधवारीच देऊन टाकेन.

४ मार्च
बोटांच्या खुणांनी बोलणं ती करपल्लवी. डोळ्यांच्या खुणांनी, ती नेत्रपल्लवी. प्रेमात पडलेल्यांची खास सोय. पल्लव म्हणजे कोवळं पान. म्हणजे डोळ्यांना पालवी फुटते! हे लिहून मान वर केली, तर समोरच्या टेबलावरच्या नव्या प्रूफरीडरबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या.
योगायोग नसावा.

५ मार्च, सकाळी ११.२०
पुन्हा पाहिलं. भुवया आक्रसून.
११.४०. पुन्हा.
मी विवाहित, वय बावन्न. पण कोशकाराने नुसतं पुस्तकी राहून चालत नाही. शास्त्र म्हणून उत्तर द्यायचं ठरवलं. डावा डोळा मिटायला गेलो की उजवाही मिटतो.
संध्याकाळी आरशासमोर सराव. बायकोने विचारलं, डोळ्यात काही गेलंय का. हो म्हटलं. तिने ड्रॉप्स घातले. फार चरचरले.

६ मार्च
जमलं. दिवसभरात नऊ वेळा. दुपारी बाईंनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. लाजल्या.
नोंद लिहायची राहिली. सकाळी दहा मिनिटांचं काम.

७ मार्च, शुक्रवार
संपादकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज नको तितका मऊ. प्रूफरीडरबाईंना माझी काळजी वाटते म्हणे. त्यांच्या भावाचं असंच सुरू झालं होतं, आधी डोळा, मग गाल. त्यांचा चष्मा फक्त वाचायचा. टेबलापलीकडचं सगळं धूसर, त्यात मीही. पण माझी फडफड त्या धुक्यातूनही कळली. संपादकबाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. माझ्या घरीही कळवलं, काळजीपोटी.
‘नेत्रपल्लवी’ प्रूफरीडरबाईंकडे गेला. तीन वाजता नोंद तयार होती.

८ मार्च
बायको सोबत आली. डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. दोन्ही डोळे ठणठणीत.
 घराच्या दाराशी आल्यावर तिने विचारलं, “मग आठवडाभर हे कोणासाठी चाललं होतं?”
मी करपल्लवीपासून सांगायला घेतलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.
“शब्द छान आहे,” ती म्हणाली. “माझ्यासाठी कधी काढला नाहीत.”
मी तिच्याकडे पाहिलं. ती कुलपात किल्ली फिरवत होती.