सोबती काढून टाकल्यावर

६ सप्टेंबर

पोचले! कोलकात्याने स्वागत केलं ते घामाने आणि मातीच्या भांड्यातल्या दह्याने. कंपनीने न्यू टाउनमध्ये चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट दिलाय. दोन खोल्या, रुंद बाल्कनी, खाली तळं. वॉचमन दिलीपबाबूंनी सामान वर आणलं. पुस्तकांची तीन खोकी बघून त्यांनी हिंदीत विचारलं, दीदी इथे शाळा काढणार की क्रांती करणार? मी म्हटलं, आधी चहा करणार. ते म्हणाले, मग ठीक आहे, क्रांती आमच्याकडे भरपूर झाली.

दुपारी वृंदाशी, म्हणजे सांगलीच्या धाकट्या बहिणीशी, तासभर फोन. मोठ्याने, नावं घेऊन, सगळ्यांची टिंगल करत. परमुलखात मराठीचं हे सुख आहे. भरल्या खोलीतही आपण दोघीच असतो.

९ सप्टेंबर

घरातल्या टेबलावर कंपनीचा कॉम्प्युटर आहे आणि त्यात ‘सोबती’ नावाचा प्रोग्रॅम. कॅमेऱ्यातून बघून तो हजेरी लावतो. मी जेवायला उठले तर माझ्या वतीने उत्तरं देतो. फ्लॅटच्या दाराचं विजेवरचं कुलूपसुद्धा तोच उघडतो. ऑफिसातली यामिनी म्हणाली, मधुदी, तो फार गुणी आहे, मीटिंगमध्ये मान डोलावतो, तुमच्यासारखा भांडत नाही.

मग मी बोललेच. माणसाने आपलं काम विकावं, आपलं असणं विकू नये. उद्या माझ्या जागी माझी नक्कल पगारी झाली, तर मी कोण उरते? ही सोय म्हणजे आपणच हाताने ओढून घेतलेली कडी आहे. आजूबाजूची चार टेबलं उठून ऐकायला आली. यामिनीने टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, भाषण संपलं असेल तर मासे थंड होतायत, येता का?

१९ सप्टेंबर

वृंदाने विचारलं, ताई, सोमवारी घट बसवणार ना? आईची आठवण निघाली. घट बसले की ती नऊ दिवस घराला कुलूप लावू द्यायची नाही, एक माणूस घरात हवंच. मी म्हटलं, माझा देवीशी वाद नाही, पण मी काही घट बसवणार नाही. वृंदा म्हणाली, तू नास्तिक वगैरे काही नाहीस गं, तू आळशी आहेस.

हसत फोन ठेवला आणि पडद्याकडे लक्ष गेलं. ‘सोबती’च्या खिडकीत आमचं सगळं बोलणं टाइप झालं होतं. शुद्ध देवनागरीत. वृंदाचं हसणंसुद्धा, कंसात. कधीपासून? खाली सरकत गेले. सहा तारखेपासून.

इथे कुणाला मराठी कळतंय म्हणून मी तोंड मोकळं सोडलं होतं. तो आमच्याकडूनच शिकला.

२० सप्टेंबर

सकाळी नऊ वाजता ‘सोबती’ काढून टाकला. यंत्राने विचारलं, हा प्रोग्रॅम वापरात आहे, तरीही काढायचा का? वापरात? माझ्याशिवाय घरात कोण होतं? ‘हो’ दाबलं. पट्टी भरली, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत राहिली. पुढे काही नाही.

सेफ मोड लावून पाहिला. उघडत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू करून दुरुस्ती लावली, तर उत्तर आलं की दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. आधीच्या तारखेला परत न्यायचं म्हटलं, तर यादी रिकामी. मागचं झाकण काढून केबली घट्ट केल्या. तीच रेघ.

कंपनीच्या मदत-कक्षाला फोन केला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, मॅडम, तुमचं यंत्र उत्तम चाललंय, तुम्ही आत्ता ऑनलाइन आहात.

काय चिडले मी! आता भाजी आणायला जाते, डोकं शांत होईल.

दार उघडत नाही.

२१ सप्टेंबर

काल दिलीपबाबू वर आले. बाहेरून खटपट केली, जमेना. म्हणाले, वीज गेली तर हे कुलूप जिथे आहे तिथेच अडकतं, कशाला हात लावू नका, मिस्त्रीला आणतो. मिस्त्री आला नाही. आज खाली फोन केला तर ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, दीदी, तुम्हीच तर संध्याकाळी सांगितलंत, दार उघडलं, राहू द्या.

मी नाही सांगितलं. ते हसले. म्हणाले, आवाज तुमचाच होता, शिवाय मला क्रांतीवरून चिडवलंत.

कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटून ठेवली आहे.

२२ सप्टेंबर

यामिनीला फोन केला. ती घाईत होती. म्हणाली, हो हो, कळलं, तुमच्याकडे नऊ दिवस घराबाहेर पडत नाहीत, एक माणूस आत लागतं. सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्हीच समजावलंत, किती छान बोललात! साहेबांनी घरून काम मंजूर केलंय.

मी ओरडले, ती मी नव्हते! तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, या फोनबद्दलही तुम्ही सांगितलं होतंत. तुमच्या आवाजात खोटे फोन येतील, उचलू नका.

तिने फोन ठेवला.

मी त्याला यंत्रातून काढलं. कुठून काढायचं ते मी ठरवलं. तो कुठे जाईल, हे कुठे ठरवलं होतं?

२४ सप्टेंबर

खाली दिलीपबाबू उचलत नाहीत, वृंदाही उचलत नाही. एकदा उचललं आणि म्हणाली, लाज नाही वाटत एकट्या बाईच्या आवाजात लुबाडायला? मेल्या, मराठी तरी नीट शिकायचंस.

मी तिला लहानपणी पाळण्यातून — तिने कट केला.

पोलिसांना फोन केला. पुन्हा लावल्यावर कळलं, त्यांनी खात्रीसाठी याच नंबरवर उलटा फोन केला होता. माझा फोन वाजलाच नाही. त्यांच्याशी मात्र कुणीतरी बाई बोलली, माफी मागितली, चुकून लागला म्हणाली.

तांदूळ आहे. पोहे आहेत. नळाला पाणी आहे. बाल्कनीला वरपासून खालपर्यंत जाळी.

२७ सप्टेंबर

खाली दुर्गापूजेचा मंडप उभा राहिलाय. ढाक, म्हणजे इथले ढोल, सकाळपासून. या आवाजाने मी विनामाईक मैदानं हलवली आहेत आणि आज चौदा मजले खाली एक मान वर होत नाही. जाळीतून चिठ्ठ्या टाकल्या. सफाईवाल्या बाईने झाडून गोळा केल्या, फुलांबरोबर पोत्यात भरल्या.

मजल्यावरची सगळी पूजेला आपापल्या गावी गेलीत.

माझी अनुपस्थिती कुणाला जाणवेल? मी सगळीकडे हजर आहे.

२८ सप्टेंबर

रात्रभर एकच विचार — या घरात मी कधीच न बोललेली गोष्ट. सापडली! वृंदाच्या कानामागचा व्रण. माझ्या हातून कात्री लागली होती. आईला आम्ही सांगितलं, खिळा लागला. तीस वर्षं दोघींनीही तोंड उघडलं नाही.

आज अनोळखी नंबर वाटावा म्हणून इंटरकॉमवरून बाहेर फोन लावला. तिने उचलल्याबरोबर म्हटलं, कात्री होती, वृंदे, खिळा नव्हता.

ती म्हणाली, ताई? थांब. मी विमानाने येते.

रडले. पोटभर.

नंतर लक्षात आलं — मी ते इथे, याच खोलीत, फोनवर मोठ्याने बोलले.

२९ सप्टेंबर

आवाज काढायचा नाही आता. एक शब्द नाही. फक्त लिहायचं.

३० सप्टेंबर, सकाळ

वृंदा आली! दाराबाहेर आहे! दिलीपबाबूही. दाराच्या भिंगातून दिसतायत. मी हाका मारल्या, दारावर मुठी आपटल्या. ती “ताई!” म्हणाली आणि तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. स्पीकरवर माझा आवाज —

म्हणतोय, आलीस वेडे? मी ऑफिसच्या कामाने कोलकात्याबाहेर, बजबज गावाला आलेय, इकडेच ये. आतून ओरडतंय तो कॉम्प्युटर गं. प्रोग्रॅम काढला तर बिघडला, बंदच होत नाही. कात्रीचंही त्याने माझंच बोलणं ऐकून सांगितलं तुला. हो, कात्रीच. खूप वर्षांनी माफी मागतेय तुझी —

वृंदा रडतेय. मोबाईलकडे बघून रडतेय.

मी ओरडतेय. ती दिलीपबाबूंना सांगते, बापरे, हुबेहूब ताई!

आवाज म्हणतोय, बाहेरच्या पेटीतला मेन स्विच पाडा, म्हणजे गप्प होईल.

वृंदा, हे पान फाडून दाराखालून देते. माझं अक्षर बघ. तो बोलतो, लिहू शकत नाही. हातात पेन धरायला त्याला बोटं नाहीत. ‘वृं’ला मी अजून तशीच गाठ मारते, बघ ना, खाली बघ. मेन पाडू नको. कुलूप त्याच विजेवर आहे, मग ते कधीच

दिलीपबाबूंनी पेटी उघडली.

वृंदा खाली बघ पान सरकवते