अडतीस नंबरचा कोट

पाच आठवडे झाले, तुम्ही दोघी दर रविवारी मोबाइलवर ‘आजी, नात आणि शंका’ म्हणून कार्यक्रम करत बसता, आणि बघणाऱ्या हजारो माणसांत एकालाही शंका येत नाही, की या पोरीला दुसरी आजी आहे का मेली. मी आहे. गुडघे सोडले तर सगळं चालू आहे.

प्रिय नातबाई,

हे आधी सांगून टाकलं, आता खुशाली विचारायला मी मोकळी. कशी आहेस? मोबाइलवर वाळलेली दिसतेस. त्या घरात पुस्तकं पोटभर मिळत असतील, बाकीचं काय ते दिसतंच आहे. हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, तेव्हा तुझ्या त्या आजीच्या हातात देऊ नकोस. जन्मभर मास्तरकी केलेली बाई. मजकूर राहील बाजूला, लाल पेन शोधत बसेल.

माझ्याकडे तसला मोबाइल नाही. शेजारची शिवणवाली तिचा घेऊन येते, साखरेच्या डब्याला टेकवते, आणि आम्ही दोघी बघतो. मागे पुस्तकांचं कपाट, टेबलावर दिवा, मास्तरीणबाईंच्या गळ्यात साखळीचा चष्मा. तो काढायचा, पुसायचा, परत चढवायचा, आणि मग म्हणायचं की मला आपला एक साधा प्रश्न पडतो. की लागलीस तू मान डोलवायला. तिच्या विनोदावर तू खिदळतेस तशी माझ्या विनोदावर शेवटची कधी खिदळलीस ते मी आठवून पाहिलं. सात वर्षांची होतीस, आणि तेही मी स्टुलावरून पडले म्हणून. शिवणवाली म्हणाली, काय गोड जोडी आहे हो. मी म्हटलं, मोबाइल उचल आणि तुझ्या घरी बघ. पुढच्या रविवारी मीच तिचं दार वाजवलं.

जळते मी. त्यात लपवायचं काय? माझ्या नातीला घेऊन कोणीतरी गावभर मिरवतंय आणि मी साखरेच्या डब्यासमोर बसून बघते आहे. याला जळणं नाही म्हणत तर काय म्हणतात ते तुझ्या त्या आजीच्या कपाटात शोध.

त्यात सुरुवात माझ्याच स्वयंपाकघरातून झाली. आठवतंय ना? तू ओट्यापाशी उभी राहून चहात टोस्ट बुडवत होतीस आणि मला पटवून देत होतीस, की तुझ्या जन्माच्या वेळी अतिरेक्यांनी पळवून त्या मोठ्या इमारतीवर घातलेलं विमान रिकामं होतं. आत माणूसच नव्हता, ते जमिनीवरून कोणीतरी चालवत होतं, अतिरेकीबितिरेकी सगळी बनवाबनवी. मी म्हटलं, रिकामं नव्हतं. तू म्हणालीस, पुरावा काय? मी परत म्हटलं, नव्हतं. तर तू म्हणालीस, आजी, तुला त्यातलं काय कळतं? माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, मग जा तुझ्या त्या शहाण्या आजीकडे. आजवर माझं एक सांगणं तू ऐकलं नाहीस, नेमकं हेच ऐकलंस. टोस्ट तसाच टाकून गेलीस.

तेव्हापासूनचे पाचही भाग मला पाठ आहेत. पहिल्यात धुराचा रंग, दुसऱ्यात खिडक्या किती फुटल्या, तिसऱ्यात कोणाचा फोन लागला आणि कोणाचा नाही, चौथ्यात धावपट्टीची लांबी. त्यातलं मला काही कळत नाही. तुझ्या त्या आजीलाही कळत नाही, तिनं भूगोल शिकवला. मी आपली ऐकत होते आणि तिच्या साडीची इस्त्री कशी चुकली आहे ते बघत होते. पण पाचव्या भागात तिनं चष्मा पुसला आणि कोटाची गोष्ट काढली.

तुझ्याच शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तुला समजेल. ढिगाऱ्यात विमानात चहापाणी देणाऱ्या मुलीचा निळा कोट सापडला. कॉलरच्या आत नंबर अडतीस. पण अडतीस नंबरची मुलगी त्या दिवशी विमानात नव्हतीच. तिला सकाळी ताप भरला म्हणून ती घरी होती, आणि तिच्या जागी ऐन वेळी बावन्न नंबरची गेली. मग घरी झोपलेल्या मुलीचा कोट विमानात पोचला कसा? यावर तुझ्या आजीचा साधा प्रश्न: तो कोट नंतर आणून टाकला असेल तर? टाकणाऱ्यांच्या हातात जुनी यादी असेल, मुलगी बदलली हे त्यांना कळलंच नसेल तर? तू टाळी वाजवलीस. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, काय डोकं आहे बाईचं. शिवणवाली तर पदर तोंडाला लावून बसली.

आणि मग तू त्या अडतीसचं दुकान दाखवलंस. ती आता पन्नाशीला आली, चपला विकते. तुमचा चौथा भाग संपताना तुम्ही नुसतं म्हणालात, पुढच्या वेळी एका जिवंत बाईचा कोट, तर आठ दिवसांत कोणीतरी तिचं दुकान हुडकून शटरवर ‘खोटारडी’ लिहून गेलं. तू तो फोटो दाखवलास. ती बाई बादली घेऊन घासत होती, पाठमोरी. मास्तरीणबाई म्हणाल्या, आगीशिवाय धूर निघत नाही. आणि येत्या रविवारी तुम्ही दोघी तिच्या दारात उभ्या राहणार, सगळ्यांदेखत विचारणार, बोला बाई, तुमचा कोट तिथे कसा गेला?

तिला माहीत नाही गं. चोवीस वर्षं ती हेच सांगते आहे, की कोट धुवायला दिला होता, पुढचं मला माहीत नाही. ते खरं आहे.

तुझी ही आजी पोट कशावर भरायची ते तुला माहीत आहे. इस्त्री करायची, एवढंच. कोणाच्या कपड्यांना, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. त्या विमान कंपनीच्या धुलाईघरात मी बावीस वर्षं उभी होते. पत्र्याचं छप्पर, लांब टेबलं, वर वाफेच्या नळ्या, दाराशी कोट टांगायचा दांडा. मुलींची नावं आम्हाला माहीत नसायची, नंबरांनीच ओळखायचो. कॉलरच्या आतली पट्टी आणि तिच्यावर लाल दोऱ्यानं नंबर, तो मी घालत असे. तुम्ही मोठा करून दाखवलात ना तो अडतीस? आठाच्या शेपटीला टाका जरा सैल आहे. तो माझा हात.

त्या सकाळी बावन्न धावत आली. तिची सुट्टी होती, घरून उठवून आणलं होतं, बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. बुटकी होती, हसरी, मला मावशी म्हणायची. तिचा कोट माझ्याच टेबलावर होता, आणि मी इस्त्री बाहीवर ठेवून भलतीकडे बघत होते. वास आला तेव्हा उचलली. बाहीवर इस्त्रीच्या टोकाएवढा पिवळा डाग, मधे भोक. पोरगी रडकुंडीला आली. आमच्याकडे नियम कडक, एकीचा कोट दुसरीला द्यायचा नाही. पण दांड्यावर अडतीसचा तयार होता आणि तिला तर ताप. मी तोच काढून बावन्नच्या अंगावर चढवला. बाह्या लांब पडल्या, त्या आत दुमडून दोन-दोन टाके घातले. म्हटलं, कॉलरच्या आत कोण बघतंय, संध्याकाळी मुकाट्यानं आणून दे. जाताना दारातून म्हणाली, मावशी, वाचवलंत.

तुमच्या रिकाम्या विमानात ती होती. चोवीस वर्षं कोणी कोटाच्या बाह्या उलटून बघितल्या नाहीत. मास्तरीणबाईंनाही सुचलं नाही.

चौकशीला साहेब आले, एकेकीला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. चार दिवसांनी बावन्नची आई आली. तिचं म्हणणं, ढिगाऱ्यात माझ्या मुलीचा नाही, भलत्याच नंबरचा कोट सापडला. तर माझ्या मुलीचा इथेच असेल का? असला तर ती गेलीच नसेल. तिचा कोट माझ्या पिशवीत, टेबलाखाली, माझ्या पायाशी होता. मी म्हटलं, नाही. तिला खोटी आशा नको म्हणून मी तसं म्हटलं असं तुला वाटत असेल तर तसं वाटून घेऊ नकोस. मला नोकरी जाईल ही भीती होती. ती बाई आता राहिली नाही, मी चौकशी केली. अडतीस आहे. शटर घासते आहे.

आता इस्त्री बाहीवर ठेवून मी कुठे बघत होते ते ऐक, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. तू सहा दिवसांची होतीस. आदल्या दिवशी मी तुला बघायला तुझ्या आईच्या माहेरी गेले होते. मी हात पुढे केले, तर मास्तरीणबाई म्हणाल्या, तुमच्या हातांना वाफेचा आणि साबणाचा वास येतो, आधी धुऊन या. धुऊन आले तोवर तू तिच्या मांडीवर झोपली होतीस. तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी उभी राहून मी मनात तिच्याशी भांडत होते आणि खाली बाही जळत होती. आगीशिवाय धूर निघत नाही, खरं बोलली बाई. तेव्हा जळले आणि गप्प बसले. पाच रविवार परत जळते आहे, पण या वेळी गप्प बसले तर त्या चपलावालीच्या दारात तूच उभी राहशील, आणि तिच्यावरचा तो डाग तुझ्या हातचा होईल. बावन्नचा कोट माझ्या पलंगाखालच्या बॅगेत आहे. शनिवारी ये. आपण दोघी तो घेऊन त्या दुकानात जाऊ, बोलायचं ते मी बोलेन, शिव्या मी खाईन. मग रविवारी हवं तर मला तुझ्या त्या मोबाइलपुढे बसव, माझ्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याशेजारी. दिवाबिवा नको. आणि मला बघून खिदळायचं नाही. मास्तरीणबाईंना वाटलं तर त्यांनी त्यांच्या घरी बसून बघावं, सगळ्यांसारखं. उत्तर तू लिहायचंस, तुझ्या हातानं, शुक्रवारच्या आत. तिच्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी फोडणार नाही.

तुझीच, आणि आधी तुझीच,
इस्त्रीवाली आजी