वरचा दात आधी

आई, आज दवाखान्यात पाटसकडची एक आजी आली होती, नातवाला पदराखाली झाकून. आठ महिन्यांचं गुटगुटीत पोर, हसलं की वरच्या हिरडीत एक पांढरा ठिपका दिसत होता. खाली अजून काही नाही. आजी म्हणाली, "डॉक्टरीनबाई, वरचा आदी आलाय. काढता येतो का बघा. ह्याचा मामा परवा येनार हाय." मी तिला असं झापलं की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावून गेले. दात कसा तयार होतो, वरचा आधी येणं यात काही वावगं नाही, चांगला दात उपटणं हा गुन्हा आहे, सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, मंग दुसऱ्या डॉक्टरला इचारते." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय आणि खरं सांगायचं तर राग तिच्यावर नाही, तुझ्यावर आहे. तू जाऊन बारा वर्षं झाली तरी तुझ्याशी भांडण काही मिटत नाही. दुपार आहे, पेशंट नाहीत, म्हणून लिहायला बसले.

मला सातव्या महिन्यात वरचा दात आला आणि तो मामावर भारी ठरला. रीतीप्रमाणे मामांनी तेलाच्या वाटीत माझं तोंड बघितलं, दौंडहून चांदीची वाटी आणून माझ्या हातात दिली, सगळं यथासांग झालं. आणि पंधरा दिवसांनी रेल्वेच्या कामावर असताना डब्याच्या पायरीवरून घसरून त्यांचा पाय मोडला. कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण तू फांदीचा गुन्हा माझ्यावर घातलास. पुढं दर उन्हाळ्यात तेच. मी दारात उभी आहे, तू माझ्या धाकट्या भावाला दौंडला जायला तळेगावच्या जीपमध्ये बसवतेस, त्याच्या मांडीवर मामांसाठी शेंगांची पिशवी देतेस, आणि माझ्याकडं न बघता म्हणतेस, "तू ऱ्हा हितंच. मला फुलं तोडाया कोन हाय?" तो महिन्यानं परत यायचा, रेल्वे कॉलनीतल्या पोरांच्या, इंजिनांच्या, मामीच्या हातच्या पुरणपोळीच्या गोष्टी सांगायचा, आणि मी शेवंतीच्या वाफ्यात बसून ऐकायची. मला वाटायचं, मी मुलगी आहे म्हणून नेत नसतील. खरं कारण दहाव्या वर्षी शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. अगं, तो दात तोवर पडूनसुद्धा गेला होता! सातव्या वर्षी मीच तो कौलावर फेकला होता. दात गेला तरी त्याची शिक्षा चालूच, हा कुठला न्याय?

डेंटलला नंबर लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगी हुशार. मला माहीत होतं मी कशासाठी चालले आहे. पहिल्याच वर्षी दात कसे बनतात तो धडा आला आणि मी पुस्तक घेऊन थेट गावाला आले. तू भाकरी थापत होतीस. मी परातीतला पिठाचा गोळा उचलला आणि तुला दाखवायला लागले. आई, हे बघ, बाळ पोटात सहा आठवड्यांचं असतं ना, तेव्हाच तोंडाच्या आतल्या नाजूक थराची एक पट्टी जबड्यात खाली उतरते आणि तिला कळ्या फुटतात. एकेका दाताची एकेक कळी. मग ती कळी खालून आत दबते, टोपीसारखी होते, आणि त्या टोपीत दुसऱ्या जातीच्या पेशी गोळा होतात. वरच्या थरातून दाताचं टणक कवच होतं, आतल्या पेशींतून त्याखालचा पिवळसर भाग आणि मधला जिवंत गाभा. भोवतीच्या पिशवीतून दात हाडाला धरून ठेवणारे धागे. दोन्ही थर एकमेकांना निरोप दिल्याशिवाय यातलं काहीच होत नाही. सहा आठवडे, आई! तेव्हा मी पोटात आहे हे तू कुणाला सांगितलंही नव्हतंस. मला मामाशी काय वैर असणार होतं?

तू म्हणालीस, "पीठ खराब करू नगंस." मी गोळा परत ठेवला. मग तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि विचारलंस, "कळ्या समद्या खऱ्या. मळ्यात मीबी बघती. पर वरचा आदी का आला?"

मी म्हणाले, काहींचा येतो.

"काहींचा म्हंजी कुनाचा? तुजाच का?"

मी पुस्तक उघडलं. धड्यात कोणत्या महिन्यात कुठला दात येतो याचा तक्ता होता आणि खाली एक ओळ होती की या क्रमात फरक असू शकतो. बस, एवढंच. इतकं जाड पुस्तक आणि माझ्या कामाची एक ओळ. तुला ती वाचून दाखवली तर तू हसलीससुद्धा नाहीस. म्हणालीस, "म्हंजी त्यान्लाबी ठावं न्हाई. मला येकच भाऊ हाय, बाय. पुस्तकं तुला धा मिळतील." आणि भाकरी ताटात टाकून "जेव" म्हणालीस. मला आजही त्या क्षणाचा संताप येतो, कारण तू अडाणी होतीस म्हणून नव्हे, तर तुझा प्रश्न बरोबर होता म्हणून. माझाच का, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि शपथेवर सांगते, आजही येत नाही.

तुझा एकुलता एक भाऊ ठणठणीत आहे, हे तुला कळवते. सत्तरी ओलांडली, मोडलेल्या पायानं रोज स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतात. दात मात्र सगळे गेले. मी दौंडला दवाखाना टाकला तो तुझ्या माघारी, हट्टानं, मामांच्या घराजवळच, आणि त्यांची कवळी मीच बसवली. माप घेताना त्यांचा आ वासलेला जबडा माझ्यापुढं होता, तेव्हा मी विचारलं, मामा, तुम्ही मला कधी बोलावलं का नाही? ते तोंडातला मापाचा मसाला आवळून धरत होते, बोलता येईना. तो काढल्यावर म्हणाले, "दर साली बोलावलं की गं. तुजी आई म्हनायची, पोरीला गाडी लागती, वकते." मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही, आई. मी त्यांना तसं सांगितलं. ते चूळ भरून ग्लास खाली ठेवत म्हणाले, "मला पायाचं काय न्हाई वाटलं कवा. भाची न्हाई आली त्येचं वाटायचं." दाताचं कवच बांधणाऱ्या पेशी काम संपलं की मरून जातात, म्हणून ते एकदा झिजलं की परत भरून येत नाही. मी हे दिवसातून दहादा पेशंटना सांगते. माझे ते आठ-दहा उन्हाळेही तसेच गेले, आणि ते तू घालवलेस. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर पत्र फाडून टाकावं असं वाटतंय, कारण पुढचं तुला सांगायचं नाही. लग्नानंतर अकरा वर्षांनी मला मुलगी झाली. परवा तिला अंघोळ घालताना बोटाला काहीतरी टोचलं. ओठ वर करून बघितलं, वरचा. खालची हिरडी दाबून बघितली, दोनदा बघितली, उजेडात नेऊन बघितली. मऊ होती. संध्याकाळी धाकट्याचा शिरूरहून फोन आला. रविवारी सुट्टी आहे, भाचीला बघायला येतो म्हणाला, फ्रॉक घेतलाय म्हणाला. मी म्हणाले, या रविवारी नको रे, तिला सर्दी झालीय, तुला लागेल. तो म्हणाला, बरं, आणि दात आले का गं तिला? मी म्हणाले, छे, अजून एकही नाही. ती माझ्या मांडीवर बसून माझं बोट चावत होती.