वीस जणांचं हसू

३ मार्च
एका विनोदाची खरी किंमत आज मांडली. दादा अकरा महिने बोलत नाहीत. वहिनींच्या हातचा चहा बंद. वाहतुकीच्या पाट्या दादा शिकवायचे, ते आता माझ्या गळ्यात – आणि वर्ग जांभया देतो!

विनोद तरी केवढा? डोळे अधू झाले म्हणून थोरल्या भावानं गाडी सोडली आणि आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग धरला. मी वीस शिकाऊंसमोर म्हणालो, "दादांना पाटी दिसत नाही, नुसती पाठ आहे. तुमचं उलट – दिसते, पण पाठ नाही!" वर्ग खदखदला. दादांनी खडू ठेवला, चपला घातल्या आणि गेले.

४ मार्च
लेकीनं फोनमध्ये चॅटबॉट घालून दिला. "बाबा, काकांना हसवायला काहीतरी विचारा याला." विचारलं. उत्तर – "गाडी म्हणाली, मला पेट्रोल नको, प्रेम हवं!" खाली हसऱ्या तोंडांची रांग. दुसरं कुणी हसणार नाही, हे त्यालाही ठाऊक असावं.

मग माझा विनोद घातला, वर्गातले वीस जण हसले तेही लिहिलं. तो का हसवतो ते त्यानं चार मुद्द्यांत समजावलं. पाचवा असता तर मी रडलोच असतो.

५ मार्च
याला विनोद कळला तर मी विमान चालवीन.

७ मार्च
पुन्हा डिवचलं. लिहिलं – एकवीस वर्षांत एकही शिकाऊ माझ्या गाडीतून न हसता उतरला नाही. तुझं बोल! तर म्हणे, "छान! पण ते वीस जण तुमचेच शिकाऊ होते ना? ज्याच्या हाती आपलं काम अडलंय, त्याच्या विनोदाला माणसं जरा जास्तच हसतात."

काल जन्मलेलं यंत्र मला माणसं शिकवतंय! फोन उपडा ठेवला.

९ मार्च
वहिनी बाजारात भेटल्या. "भावजी, तुमचं बोलणं ते कधीच विसरले असते हो. वीस जण हसले, ते कानातून जात नाही त्यांच्या. म्हणतात, आता कुठल्या तोंडानं शिकवू?"
रात्री फोन सुलटा केला, यंत्राचं ते वाक्य पुन्हा वाचलं.

१२ मार्च
त्याच वर्गातल्या पार्लरवाल्या बाई अखेर मिळालेलं लायसन्स दाखवायला आल्या. सरळच विचारलं – "त्या दिवशी दादांवर हसलात, खरंच हसू आलं होतं?"
बाईंनी आधी लायसन्स पर्समध्ये टाकलं, चेन लावली. मग म्हणाल्या, "खरं सांगू सर? कुणालाच नाही. वाईटच वाटलं. पण परीक्षेची तारीख तुम्ही घेऊन देणार. तुम्ही हसलात, म्हणून आम्ही हसलो. गाडीतही तसंच."
गाडीतही!

१३ मार्च
दादांकडे गेलो. बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.
"गाडीतही?" दादांनी विचारलं.
"गाडीतही."
चष्मा काढून डोळे पुसावे लागले, इतके हसले. सोमवारपासून वर्गावर येतायत.
मी एकही विनोद केला नव्हता.